हालिंदु

पणजोबांची वही कौलाच्या कारखान्याची.
पुढून मालकाचा हिशेब, मागून स्वतःचा,
मोडीत. एकदा टेकवलेला बोरू
ओळ संपेपर्यंत उचलायचा नाही, अशा हातानं.

मी बेळगावात सहा रविवार मोडी शिकलो.
सातव्या रविवारी खानापूरच्या बसमध्ये
पहिलं वाक्य एकट्यानं लावलं:
‘आज भट्टीत चारशे कौले तडकली. मालक काही बोलले नाहीत.’
बी.कॉम. झालो तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

मग कळलं, हाही माणूस फारसं बोलत नाही.
शके अठराशे चाळीस, आश्विन, मानमोडीची साथ:
‘द्वारकी गेली. पहाटे. लाकडे सव्वा रुपया.’
खाली रोजच्यासारखंच, माती किती गाड्या आली ते.
आठ गाड्या.

पुढच्या सोमवारपासून वहीत एक बाई येते.
‘गंगव्वा हालिंदु २ आणे.’
दर सोमवारी. चौदा महिने.

आत्या म्हणाली, मिटव ती वही.
बायको जाऊन आठ दिवस नाहीत आणि...
पुढचं तिनं पदराआड ठेवलं.
काका म्हणाला, हालिंदु आडनाव दिसतंय,
आपली जमीन असेल त्यांच्याकडे गहाण.

मी आडनाव धरून निघालो.
नंदगड, बिडी, इटगी, थेट कित्तूरपर्यंत मतदारयाद्या चाळल्या.
हलगेकर सापडले, हालभावी सापडले, हलशीकर तर ढीगभर.
एका पाटलानं ताक पाजून विचारलं,
‘काय शोधूलास गा एवढं? जमीन बिमीन हाय काय?’
नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

शेवटी तहसील कचेरी. हुक्केरी मॅडम.
खिडकीवर कन्नड पाटी, माझा अर्ज मराठीत,
मी भांडायच्या तयारीनं उभा.
त्यांनी नाव पुटपुटलं, परत पुटपुटलं,
आणि हसायलाच लागल्या.
‘आडनाव नव्हे ओ हे. हालु म्हणजे दूध.
हालिंदु, दुधाचं. दुधाचे दोन आणे.
तिनं मागितले तसेच लिहून ठेवलेत की त्यांनी.’
मग हसू थांबलं त्यांचं.
‘घरात तान्हं होतं काय कोण?’

होतं.
सव्वा महिन्याचं. माझे आजोबा.
ज्यांनी पुढं छप्पन साली डांबराचा डबा घेऊन
स्टेशनवरची कन्नड अक्षरं एका रात्रीत बुजवली,
हिंडलग्याला तीन महिने काढले,
आणि आम्हा नातवंडांना मांडीवर घेऊन ‘कूसू’ म्हणायचे.
आम्हाला वाटायचं, शब्द त्यांनीच बनवलाय.

मॅडमनी अर्जावर शिक्का मारला, गरज नसताना.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक बाई,
पदराखाली पोर, पोराला काहीतरी समजावत होती कन्नडमधून.
मला त्यातला एकच शब्द कळला.
कूसू.

मी वहीची उरलेली पानं लावत बसलो.
‘हालिंदु बंद. मूल भात खाते.’
त्याखाली, ‘गंगव्वास इरकली लुगडे एक, हिरवे. साडेतीन रुपये.’
पगार अकरा होता त्यांचा.
त्या महिन्यात तेलाची नोंद नाही.

एवढंच. तिचं गाव नाही, आडनाव तर नव्हतंच.
आणि दूध होतं म्हणजे तिचंही एक असणार.
ते दुसऱ्या अंगाला पीत होतं,
की त्याच आश्विनात, तसंच, पहाटे?
पणजोबांनी लिहिलेलं नाही.

फक्त पहिल्या सोमवारच्या ओळीत,
तिचं नाव संपतं आणि दोन आणे सुरू होतात त्याच्या मध्ये,
बोरू एकदा उचललेला आहे.